अंजिरांची ढेप

शांतवननं गोळ्या बंद केल्याला तीन दिवस झाले होते आणि ते तिन्ही दिवस सुवार्ता दुपारचा डबा घेऊन स्वतः गुऱ्हाळावर आली होती. एरवी डबा तो सकाळीच सायकलीला अडकवून न्यायचा. गुऱ्हाळाचे मालक कृष्णात पाटील यांनी तिसऱ्या दिवशी तिला हसून विचारलंही, की घरात भांडण झालंय की नवऱ्यावर एकाएकी माया आलीय. तिनं पदर तोंडाला लावला आणि ऊन भाकरी खाल्लेली बरी, एवढंच म्हणाली.

तिच्या मनात भाकरी नव्हती. ती गुऱ्हाळाच्या मोठ्या चुलीपासून, चुलवाणापासून, दहा हातांवर, रस काढून वाळत घातलेल्या चिपाडांच्या ढिगाला टेकून बसायची आणि काहिलीकडं बघत राहायची. काहील म्हणजे खोलीभर रुंद लोखंडी कढई. खाली चिपाडांचा जाळ, आत उसाचा रस. रस आधी हिरवट असायचा, मग मातकट, मग तांबूस, आणि उकळी फुटली की त्याचे शिंतोडे काठाबाहेर पडायचे. त्या काठाला लागून वीतभर कट्ट्यावर शांतवन उभा असायचा. तो गुळव्या होता. लांब दांड्याच्या झाऱ्यानं वर आलेली मळी काढायची, भेंडीचं पाणी घालायचं, रस कधी गूळ होतोय ते वासावरून आणि बुडबुड्यांवरून ओळखायचं, हे त्याचं काम. त्याच्या दोन्ही हातांवर जुन्या भाजल्याचे पांढरे ठिपके होते. पन्हाळ्याच्या पायथ्याच्या सात-आठ गावांत त्याच्या हातचा गूळ नावानं विकला जायचा.

सुवार्ता त्याच्या डाव्या हाताकडं बघत बसायची. फिट येण्याआधी त्याचा डावा अंगठा तळव्यात वळायचा. मग मान एका बाजूला ओढली जायची आणि मग उभा माणूस झाड तुटल्यासारखा खाली यायचा. अकराव्या वर्षापासून त्याला फिट यायची. लग्नानंतर कितीतरी वर्षं मागं लागून शेवटी तिनं त्याला कोल्हापूरच्या डॉक्टरांकडं नेलं, आणि त्या गोळ्या सुरू झाल्यापासून, सकाळी एक संध्याकाळी एक, सहा वर्षांत तो एकदाही पडला नव्हता. गुऱ्हाळावर हे कुणालाच माहीत नव्हतं. माहीत असतं तर त्याला कुणी काहिलीजवळ फिरकू दिलं नसतं.

गोळ्या बंद व्हायचं कारण होते ब्रदर विजयसिंह.

गावात ख्रिस्ती घरं तीसेक. मिशनच्या काळातलं दगडी चर्च होतं, पण पाळकसाहेबांकडं पाच गावांची चर्चं, त्यामुळं ते महिन्यातून एका रविवारी यायचे, उपासना घ्यायचे आणि चहा पिऊन पुढच्या गावाला जायचे. नाताळ झाला आणि रस्त्यापलीकडच्या पत्र्याच्या शेडमध्ये ब्रदरची प्रार्थना सुरू झाली. शुक्रवारी आणि रविवारी, दिवस मावळायच्या आत. पांढरा शर्ट, स्वच्छ बोलणं, आणि माणसांची नावं ध्यानात ठेवायची सवय. शांतवनची आई बयाबाई तापानं पडली होती तेव्हा ते दोनदा घरी आले, तिच्या पायाशी जमिनीवर बसले. पाळकसाहेबांना ती आजारी होती हे महिन्यानं कळलं. बयाबाई तेव्हापासून म्हणायची, की असा देवमाणूस तिनं मिशनच्या दवाखान्यात आयाचं काम करताना गोऱ्या साहेबांतही बघितला नव्हता.

सुवार्तालाही ते आवडले होते. हे तिनं स्वतःपासून लपवलं नाही.

शांतवननं आपलं दुखणं ब्रदरना सांगितलं. सहा वर्षं बंद पडलेलं ते त्याच्या डोक्यात बंद पडलं नव्हतं. रोज दोनदा गोळी गिळताना तो आपण अधू आहोत हे गिळायचा. ब्रदरनी डोक्यावर हात ठेवला, शांतवन रडला. पुढच्या शुक्रवारी त्याला पुढं उभा करून गोळ्यांच्या पाकिटांचे कात्रीनं तुकडे केले आणि बादलीत टाकले. ब्रदर म्हणाले, एका हातात देव आणि एका हातात गोळी धरणारा माणूस दोन्ही हातांनी खोटं बोलत असतो. शांतवननं माईकवर साक्ष दिली, की मी बरा झालोय, ज्याला फिट येते त्यानं माझ्याकडं बघावं आणि गोळ्या टाकाव्यात. कुणीतरी मोबाईलवर ते सगळं टिपलं. दोन दिवसांत ते चाळीस-पन्नास गावांतल्या प्रार्थनेच्या ग्रुपांवर फिरलं.

सुवार्ता त्या शुक्रवारी आजारी बहिणीला बघायला आजऱ्याला गेली होती. परत आली तेव्हा मोनानं, तिच्या बारावीत शिकणाऱ्या मुलीनं, फोन तिच्या हातात दिला.

ती नवऱ्याशी भांडली नाही. गोळ्यांची नवी पाकिटं आणून तिनं देवळीत ठेवली आणि नुसतं सांगितलं, की इथं हायत. त्यानं बघितलंही नाही. जेवताना तो खूश होता, हलका झाला होता. मोनाला म्हणाला, आता तुझ्या लग्नात कुणी माझं दुखणं काढायचं न्हाय. तेव्हा सुवार्ताला कळलं, की हे नुसतं देवाधर्माचं नाही. ती त्याच्या ताटात आमटी वाढत राहिली.

पुढच्या शुक्रवारी ती स्वतः शेडमध्ये गेली. बायका डाव्या बाजूला, पुरुष उजव्या. ब्रदरनी त्या दिवशी हिज्कीया राजाची गोष्ट घेतली. राजा मरणाला टेकला होता, भिंतीकडं तोंड करून रडला, आणि देवानं त्याला पंधरा वर्षं आयुष्य वाढवून दिलं. ब्रदर पुस्तक मिटून म्हणाले, की त्या राजाकडं काय वैद्य नव्हते, औषधं नव्हती, पण त्यानं कुणाला बोलावलं नाही, नुसता रडला. सगळे आमेन म्हणाले. सुवार्ताही म्हणाली, पण घरी येताना तिला काहीतरी टोचत राहिलं. तिचे वडील उभ्या जन्मात शेतमजूर होते, पण चर्चच्या रविवारच्या शब्बाथ शाळेत मुलांना शिकवायचे आणि एकही गोष्ट कधी अर्धी सांगायचे नाहीत. हिज्कीयाच्या गोष्टीत पुढं काहीतरी खायचं होतं, फळाचं काहीतरी, असं तिला लहानपणचं आठवत होतं.

चुलीवर भात ठेवून तिनं वडिलांचं शास्त्र, त्यांचं जुनं बायबल, काढलं आणि मोनाला शोधायला लावलं. मोना वाचत गेली. पंधरा वर्षांची ओळ आली, आणि तिच्या लगेच खालची ओळ आली. संदेष्ट्यानं सांगितलं, अंजिरांची ढेप आणा. ती आणून त्यांनी राजाच्या गळवावर बांधली, आणि राजा बरा झाला.

मोनानं दोनदा वाचलं. कॉटवर पडलेली बयाबाई म्हणाली, ढेप कशी, गुळाची असती तशी? मोना म्हणाली, अंजिरांची, पोटीस बांधतात तशी. बयाबाईनं दवाखान्यात तीस वर्षं लोकांच्या गळवांना पोटीस बांधलं होतं.

सुवार्ताला भात लागल्याचा वासही आला नाही. देवानंच आयुष्य दिलं होतं आणि देवाच्याच माणसानं औषध लावायला सांगितलं होतं. ब्रदरनी पुस्तक मिटलं ते नेमक्या त्या ओळीच्या वर. तिला पहिल्यांदा वाटलं, चुकून झालं असेल. तिला तसं वाटायला हवंही होतं.

म्हणून रविवारी, प्रार्थना संपल्यावर ब्रदर कुणाला काही विचारायचंय का म्हणाले तेव्हा, ती उठून उभी राहिली. तिनं फार नम्रपणे विचारलं, की शुक्रवारच्या गोष्टीत पुढं अंजिरांचं लिहिलंय, ते कसं समजायचं.

ब्रदर हसले. "ताई, तुम्ही शास्त्र वाचलं, चांगलं केलं," ते म्हणाले. "सैतानालाही शास्त्र पाठ होतं."

शेडमध्ये थोडं हसू उमटलं. मग ते शांतवनकडं वळले आणि विचारलं, भाऊ, घर कोण चालवतं? हसू वाढलं. शांतवनचा चेहरा काहिलीसमोर असतो तसा तांबडा झाला. ब्रदरनी हात वर केला, सगळे गप्प झाले, आणि ते हळू, जवळजवळ मायेनं म्हणाले, "या घरात अविश्वासाचा आत्मा आहे. उद्या भावाला काही झालं, तर ते कशानं झालं हे सगळ्यांनी आजच ऐकून ठेवा."

सुवार्ता खाली बसली. शेजारच्या बाईनं आपलं लुगडं तिच्यापासून ओढून घेतलं. त्या अपमानापेक्षा तिला दुसऱ्याच गोष्टीनं घाम फुटला. हा माणूस म्हणत होता की शांतवन पूर्ण बरा झालाय, आणि त्याच तोंडानं तो पडला तर दोष कुणाचा हेही आधीच ठरवून ठेवत होता. त्याला माहीत होतं, तो पडू शकतो. आता तिला चूक वाटली नाही. चुकलेला माणूस पुस्तक पुन्हा उघडून बघतो; यानं पुस्तकाला हातसुद्धा लावला नव्हता.

घरी येताना शांतवन तिच्या पुढं वीस पावलं चालत होता. उंबऱ्यात वळून म्हणाला, "चार माणसांत माझी अब्रू काढलीस. आता तरी गप बस."

सोमवारी तिनं पाळकसाहेबांना फोन केला. ते बराच वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, की शिकवणारा खरा का खोटा हे त्याच्या चमत्कारावरून बघू नका, प्रश्न विचारणाऱ्याचं तो काय करतो ते बघा. आणि मग आवाज खाली गेला. म्हणाले, मी महिन्यातून एकदा येतो, तो आठवड्यातून दोनदा, यात माझीही चूक आहे. येत्या रविवारी येऊन शांतवनशी बोलतो. सुवार्तानं बोटं मोजली. रविवारला सहा दिवस होते आणि गुऱ्हाळ रोज पेटत होतं.

मंगळवारी सकाळी चहा उकळत असताना तिनं देवळीतली गोळी काढली आणि खलबत्त्यात कुटली. पांढरी पूड झाली, चिमूटभर. त्याच्या कपात टाकली, साखर जास्त घातली. तो बाहेर सायकलीत हवा भरत होता. कप हातात घेऊन ती उभी राहिली. रोज दोनदा असं करायचं, म्हणजे रोज दोनदा फसवायचं. तो पडला नाही की साक्षा देत फिरणार, ब्रदरमुळं बरा झालो म्हणणार, आणि त्याचं ऐकून आणखी कुणीतरी गोळ्या टाकणार. ज्याच्या घरात कपात पूड घालणारं कुणी नाही, असं कुणीतरी. तिनं चहा राखेत ओतला आणि दुसरा ठेवला. त्या दिवशी त्याला गुऱ्हाळावर पोचायला उशीर झाला.

बुधवारी दुपारी ती काहिलीजवळ बसली होती. शांतवन झारा मारत होता. एका क्षणी त्यानं झारा उजव्या हातात घेतला आणि डावा हात कमरेमागं नेला. नुसता घाम पुसायला. पण तेवढ्यात सुवार्ताच्या हातातला डबा खाली पडला आणि आमटी धुरळ्यात गेली. ती उठली, तशीच वजनकाट्याजवळ कृष्णात पाटलांकडं गेली आणि सगळं सांगून टाकलं. अकरावं वर्ष, गोळ्या, बादली, सगळं.

पाटील खुर्चीवरून उठले नाहीत. "सहा वर्षं माझ्या काहिलीवर फिट येणारा माणूस उभा हाय," ते म्हणाले, "आणि मला आज सांगतीस?"

"सहा वर्षं आली न्हाय, मालक. गोळीमुळं आली न्हाय. आता गोळी न्हाय."

पाटलांनी चुलवाणाकडं बघितलं. मग त्यांनी शांतवनला हाक मारली, त्याच्या हातातला झारा काढून दुसऱ्याच्या हातात दिला आणि सांगितलं, की उद्यापासून चिपाड वाळवायला ये. सगळी गडीमाणसं बघत होती. शांतवननं एकदा सुवार्ताकडं बघितलं आणि कट्ट्यावरून खाली उतरला.

चिपाड पसरायचं काम बायका आणि म्हातारी माणसं करत. गुरुवारी दिवसभर तो त्यांच्यात उन्हात वाकून चिपाड उलटी करत होता. काहिलीवर नवा माणूस होता. त्या दिवशीचा गूळ काळा पडला, आणि वासावरून ते शांतवनला लांबूनच कळलं असणार. घरी तो जेवला नाही. सुवार्ताशी बोलला नाही. आईला मात्र सांगितलं, की उद्या प्रार्थनेत सगळ्यांनी यायचं, ब्रदरनी पुन्हा साक्ष द्यायला सांगितलंय.

शुक्रवारी शेड भरली होती. बाहेरगावचीही माणसं होती. ब्रदरनी सांगितलं, या भावाचा घरातूनच छळ झाला, काम गेलं, तरी तो डगमगला नाही. शांतवन पुढं गेला. दोन दिवसांच्या उन्हानं आणि उपाशीपणानं त्याचे ओठ फाटले होते. त्यानं माईक डाव्या हातात घेतला.

सुवार्ताला अंगठा दिसला. माईकवरून सरकत तो तळव्यात वळला.

ती उठेपर्यंत तो पडला होता. माईक दणकून वाजला. हातपाय ताठ झाले आणि मग सगळं अंग आपटू लागलं. बायका मागं सरल्या. ब्रदर गुडघ्यावर बसले, त्यांनी दोन्ही तळवे त्याच्या कपाळावर दाबले आणि मोठ्यानं ओरडू लागले, की निघ, याच्यातून निघ. दोघा माणसांनी त्याचे दंड जमिनीला दाबून धरले होते. तोंडातून लाल फेस येत होता आणि तो उताणा असल्यानं घशात चालला होता.

"हात काढा," सुवार्ता म्हणाली.

ब्रदरचे डोळे मिटलेले होते. म्हणाले, कुणी मध्ये येऊ नका, आत्मा निघतोय, दहा मिनिटं द्या. माणसं जागची हलली नाहीत. तेव्हा बायकांच्या बाजूनं बयाबाई आली. वाकलेली, भिंत धरत. तिनं ब्रदरच्या पांढऱ्या शर्टाची बाही धरून त्यांना मागं ओढलं. ओढायला तिच्यात ताकद नव्हती, पण म्हातारीला ढकलायचं कसं, म्हणून ते मागं झाले.

"ल्योक माझा हाय," ती म्हणाली.

सुवार्तानं दंड धरलेल्यांना सोडायला लावलं, त्याला कुशीवर केला, अंगावरची शाल घडी करून डोक्याखाली सारली. फेस बाहेर पडू लागला. मोना फोनवर मिनिटं बघत होती. तीन झाली, चार झाली, पाच झाली. अंग थांबलं, आणि तो शुद्धीवर यायच्या आत पुन्हा आपटू लागलं. असं आधी कधी झालं नव्हतं. मोनानं आईला न विचारता कृष्णात पाटलांना फोन लावला. गुळाच्या ढेपा वाहायची त्यांची पिकअप सात मिनिटांत शेडसमोर उभी राहिली. पाटील स्वतः चालवत होते. त्यांनी आणि दोन गड्यांनी त्याला उचलून मागं ठेवला. सुवार्ता त्याचं डोकं मांडीवर धरून बसली. कोल्हापूरपर्यंत ती त्याच्या नाकासमोर बोटं धरून होती. बोटांना श्वास लागला की पुढच्या श्वासाची वाट बघायची. रस्त्यात उसाच्या ट्रॉल्यांची रांग होती. पाटील हॉर्नवरचा हात काढत नव्हते.

दवाखान्यात सुई देऊन फिट थांबवली. तो दीड दिवस गुंगीत होता. जीभ कडेला खोल चावली गेली होती, टाके घालावे लागले. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काम काय करतो, गोळ्या किती दिवस बंद होत्या, आणि चौदा ऐकल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, चौदा दिवस काहिलीवर? सुवार्ता म्हणाली, बारा.

रविवारी पाळकसाहेब दवाखान्यातच आले. त्यांनी उपदेश केला नाही. खाटेजवळ बसून संत्रं सोललं, फोडी सुवार्ताला दिल्या, प्रार्थना केली आणि डॉक्टरीणबाईंना भेटून पुढचं सगळं विचारून घेतलं. शांतवननं तोंड भिंतीकडं केलं होतं.

घरी आल्यावरही तो फारसा बोलला नाही. जिभेमुळं बोलता येत नव्हतं हे खरं, पण तेवढंच नव्हतं. सकाळ-संध्याकाळ सुवार्ता गोळी आणि पाण्याचा तांब्या त्याच्यासमोर ठेवायची, तो घ्यायचा. ब्रदर भेटायला आले नाहीत. त्यांचा रेकॉर्ड केलेला आवाज तेवढा सगळ्यांच्या फोनवर आला. जाताजाता आत्म्यानं शेवटचा झटका दिला, भाऊ आता खरा मोकळा झाला, असं ते सगळ्यांना सांगत होते. साक्षेचा व्हिडिओ तसाच फिरत होता. मोनानं त्याच्याखाली लिहिलं, की हे माझे वडील आहेत आणि ते दवाखान्यात होते. तासाभरात तिचं लिहिलेलं काढून टाकलं गेलं. शेडमध्ये माणसं कमी झाली, पण जात होती. लुगडं ओढून घेतलेली बाईही जात होती.

दहाव्या दिवशी दुपारी फोन वाजला. शिरोळकडून यल्लव्वा नावाची बाई बोलत होती. सुवार्तानं फोन घेतला. त्या बाईला कुणा प्रार्थनेवाल्याकडून नंबर मिळाला होता आणि तिला साक्षवाल्या भावाशी बोलायचं होतं. तिची अकरा वर्षांची लेक, प्रीती, तिलाही फिट यायची. व्हिडिओ बघून तिनं गोळ्या बंद केल्या होत्या, आज नववा दिवस. पोरगी दोन दिवस झोपेत दचकत होती. भावानं फोनवरून प्रार्थना करावी, एवढंच तिचं म्हणणं होतं.

सुवार्तानं फोनवर हात ठेवला आणि शांतवनला सांगितलं. तो भिंतीला टेकून बसला होता. अकरा वर्षांची, हे ऐकून त्यानं मान वर केली. हात पुढं करून फोन घेतला.

"ताई, गोळी सुरू करा. आज. मी पडलोय. मी बरा न्हाय झालो." जिभेनं शब्द जाड निघत होते.

पलीकडून ती म्हणाली, की तुमचा आवाज तो नाही, तुम्ही दुसरेच कुणी. व्हिडिओतल्या अण्णांनी माईकवर छातीवर हात ठेवून सांगितलं होतं. त्यानं पुन्हा सांगायचा प्रयत्न केला. ती म्हणाली, परीक्षा बघणारी माणसं येतील, असं ब्रदरनी आधीच सांगून ठेवलंय. आणि फोन ठेवला. पुन्हा लावला तर लागेना.

शांतवननं फोन खाली ठेवला. मग उठला, खुंटीवरचा शर्ट घातला. सुवार्तानं विचारलं, कुठं. तो म्हणाला, "शिरोळ. तू चल. मला नीट बोलता येत न्हाय." अपमानाच्या त्या रविवारनंतर तो तिला पहिल्यांदा चल म्हणाला होता.

दोन एसट्या बदलून जायला चार वाजले. गाडीत दोघं शेजारी बसली होती. तो पुढच्या बाकाचा दांडा दोन्ही हातांनी धरून होता. सुवार्ताच्या मनात एकच चाललं होतं, की नववा दिवस, झोपेत दचकते, आणि आपण एसटीत आहोत. जयसिंगपूरला गाडी वीस मिनिटं थांबली. ती खाली उतरून कंडक्टरला दोनदा विचारून आली.

पत्ता पुरता माहीत नव्हता. शिरोळमध्ये चर्चजवळ विचारत विचारत घर सापडलं. यल्लव्वा दारातच जोंधळे पाखडत होती. तिशीची, काळीसावळी, बोलण्यात कानडी हेल. अंगणात शाळेच्या कपड्यांतली पोरगी जमिनीवर पालथी पडून वहीत चित्र काढत होती. सुवार्तानं आधी तिच्या हातांकडं बघितलं. हात चालत होते.

शांतवननं कोण आलंय ते सांगितलं. यल्लव्वानं सूप खाली ठेवलं, फोन काढला, व्हिडिओ लावला आणि फोन त्याच्या चेहऱ्याशेजारी धरून बघितलं. फोनमधला माणूस भरल्या आवाजात म्हणत होता, माझ्याकडं बघा आणि गोळ्या टाका. समोरचा माणूस त्याच्या निम्मा झाला होता.

"तुमीच की," ती हळू म्हणाली. "मग असं कसं म्हणालासा?"

"खोटं म्हणालो. मला ते खरं वाटत हुतं, पर खोटं हुतं."

ती मान हलवत राहिली. म्हणाली, विश्वास कमी पडला असेल तुमचा. तो नाही म्हणाला नाही, वाद घातला नाही. तो तिच्या उंबऱ्यासमोर खाली बसला आणि तोंड उघडून जीभ बाहेर काढली. कडेला काळे टाके होते, मधे मांस सुजून वर आलं होतं. यल्लव्वानं पदर तोंडावर नेला. पोरगी वही सोडून उठली, जवळ आली आणि निरखून बघू लागली.

"दुखतंय?" तिनं विचारलं.

"व्हय," तो म्हणाला. "लई दुखतंय."

पोरगीनं आईकडं बघितलं. यल्लव्वा आत गेली. आतून डबे सरकवल्याचा आवाज आला. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात तांदळाचं पीठ लागलेली गोळ्यांची पाकिटं होती. तिनं ती कापली नव्हती, टाकलीही नव्हती. तिनं ती सुवार्ताच्या हातात दिली आणि विचारलं, आता एक द्यायची का दोन.

सुवार्तानं पाकिटावरचं नाव वाचलं. ती गोळी वेगळी होती. तिला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नाही असं तिनं स्पष्ट सांगितलं. म्हणाली, डॉक्टरलाच विचारायचं, आत्ताच.

यल्लव्वानं पोरगीच्या पायात चप्पल घातली आणि दाराला कडी लावली. सरकारी दवाखाना पावणेदोन किलोमीटरवर होता. रिक्षा मिळेपर्यंत थांबायला कुणी तयार नव्हतं. पोरगी मधे, तिचा एक हात आईच्या हातात, दुसरा शांतवननं धरलेला. तो चालताना खाली बघत होता, तिच्या अंगठ्याकडं. सुवार्ता गोळ्यांची पाकिटं मुठीत धरून मागोमाग चालली.